साहेबांनी सांगितले म्हणून?

शाळा उघडायच्या दिवसांत बुधवार पेठेतल्या अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. आई-वडील मुलांच्या पुस्तकांची यादी घेऊन दुकानांपुढे उभे असतात. त्या पुस्तकांत पर्यावरणाचे धडे असतात, मुले ते पाठही करतात. पण त्यांची खरी परीक्षा पुढे नोकरीत होते. मुलगा शिकून चाकण-तळेगावच्या कारखान्यात लागतो आणि एके दिवशी साहेब म्हणतात, "हा प्रदूषणाचा आकडा जरा कमी दाखव." घराचा हप्ता चालू असतो, बहिणीचे लग्न ठरलेले असते. त्याने काय करावे?

असे प्रसंग खरोखर घडले आहेत. तेव्हा तळेगावात कारखाना असलेल्या जनरल मोटर्सने जुलै २०१३ मध्ये सुमारे १ लाख १४ हजार तवेरा गाड्या परत बोलावल्या. कमी धूर सोडणारी इंजिने निवडून कर्मचाऱ्यांनी ती तपासणीच्या गाड्यांत बसवली होती. कागदावर सारे नियमात होते. लोकांच्या श्वासात मात्र जास्तीचा धूर जात होता. कंपनीने अनेकांना कामावरून काढले.

दोन वर्षांनी फोक्सवॅगनचे प्रकरण जगभर गाजले. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी संगणकीय युक्ती गाड्यांत होती. पुण्यातल्या एआरएआयच्या चाचण्यांनंतर भारतातही डिसेंबर २०१५ मध्ये ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावल्याचे जाहीर झाले. अमेरिकेत जेम्स लियांग या अभियंत्याला २०१७ मध्ये ४० महिन्यांची कैद झाली. कंपनीवरच्या निष्ठेपायी त्याने हे केले, असे वकिलांनी सांगूनही तुरुंग टळला नाही.

मदिनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले. तपासणीला वेगळी गाडी आणि गिऱ्हाइकाला वेगळी, हाही तसाच वरून कोरडा ढीग आहे.

अशा वेळी घाईने राजीनामा देण्याची गरज नसते. तोंडी हुकूम आला तर तो ई-मेलवर मागावा. खऱ्या नोंदी खोडू नयेत. आपली हरकत लेखी कळवावी. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना कर्मचाऱ्यांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र यंत्रणा ठेवणे २०१३ च्या कंपनी कायद्याने बंधनकारक आहे. तिचा उपयोग करावा. पुढचे पाऊल वकिलाला विचारून टाकावे.

एवढे करूनही नोकरी जाऊ शकते, हे खरे. म्हणूनच हा प्रश्न त्या एकट्याचा राहत नाही. "गप्प बस, सगळेच करतात," असे घरच्यांनी म्हटले, तर त्या खोट्या सहीत घरही सामील होते. "खोटी सही करू नकोस, दोन महिने आपण काटकसरीत काढू," एवढे आई किंवा पत्नी म्हणाली, तर त्याला केवढे बळ येईल! हलाल रोजीची जबाबदारी साऱ्या घराची आहे.