पीथमपूरचे कस्टम

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याला किनारा नाही, पण जकात या मुलखाला नवी नव्हती. पवारांच्या धार संस्थानाची सायर वेगळी. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन दरबार. 1948 मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. खऱ्या अर्थाने ‘कस्टम’शी गाठ पडली ती पुढे, याच जिल्ह्यातल्या पीथमपुरात कारखाने उभे राहिल्यावर.

ऐंशीच्या दशकात पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा आणि बजाज टेम्पो इथे आल्या, आयशरने मित्सुबिशीशी हातमिळवणी केली. बरेच सुटे भाग जपानचे. पण बोट निघण्याआधी लायसन हवे. 1947 च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याखाली अर्ज करायचा, ही वस्तू देशात मिळत नाही याची खातरजमा करून घ्यायची, आयात टप्प्याटप्प्याने कमी करू असे लिहून द्यायचे. जहाजापेक्षा फाइलचा प्रवास लांबचा.

माल मुंबईला उतरला की सीएचएची, म्हणजे कस्टम हाउस एजंटची, धावपळ सुरू. देशांतर्गत वापरासाठीची बिल ऑफ एंट्री (आयातीचे घोषणापत्र) पांढरी, बाँडमध्ये, म्हणजे शुल्क न भरता गोदामात, ठेवायची पिवळी, बाँडमधून सोडवायची हिरवी. तीही एक प्रत नव्हे: ओरिजिनल, डुप्लिकेट, ट्रिपलिकेट आणि बँकेसाठी चौथी. सोबत इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग. अप्रेझर वर्गीकरण आणि किंमत तपासणार, मग चलन भरायचे, गोदीत पेटी उघडून तपासणी, आणि शेवटी ‘आउट ऑफ चार्ज’चा शिक्का. एका हरकतीने कागद पुन्हा पहिल्या टेबलावर. डेमरेज मात्र चालूच.

1989 मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाले. पुढे पीथमपुरात आयसीडी, म्हणजे कोरडे बंदर, आले आणि चित्र पालटले. कंटेनर बंदरात न उघडता सील लावून, ट्रान्सशिपमेंटच्या परवान्यावर थेट माळव्यात येऊ लागला. बिल ऑफ एंट्री इथेच, तपासणी इथेच. शंका निघाली तर कारखान्याचा माणूस नमुना घेऊन साहेबांसमोर उभा राहू शके.

दरम्यान कागद पडद्यावर सरकत होता. 1995 मध्ये दिल्लीत संगणकीकृत कस्टमचा प्रयोग झाला. 2005 पासून जोखीम पाहून निवडक मालच तपासला जाऊ लागला. 2018 पासून ई-संचित या ऑनलाइन प्रणालीवर कागदपत्रे चढवता येऊ लागली. आणि 31 ऑक्टोबर 2020 पासून देशभर ‘फेसलेस’ आकारणी. पीथमपूरच्या बिलावर आता कुठल्या शहरातला अधिकारी प्रश्न विचारेल, याचा नेम नाही. कस्टम दाराशी आले होते, ते असे पुन्हा लांब गेले!

कागद घटले, जोखीम मात्र जागा बदलून गेली. पूर्वी शुल्क अधिकारी ठरवायचा. एप्रिल 2011 पासून ते आयातदारानेच ठरवून जाहीर करायचे. वर्गीकरण चुकले तर नोटीस काढायची साधी मुदत 2016 मध्ये एका वर्षावरून दोन वर्षांवर गेली. लबाडी आढळली तर पाच वर्षे. 2020 च्या नियमांनी मुक्त व्यापार कराराची सवलत मागणाऱ्याला नुसते मूळदेशाचे प्रमाणपत्र पुरेनासे झाले: माल त्या देशात कसा बनला, किती मूल्य तिथे वाढले, याची माहिती स्वतः मिळवून पाच वर्षे जपून ठेवायची. लहान कारखानदार ही माहिती परदेशी पुरवठादाराकडे मागतो, तेव्हा व्यापारी गुपित म्हणून तो ती द्यायला का कू करतो.


वेळेची जोखीमही आता आयातदारावरच: 2021 पासून बिल ऑफ एंट्री साधारणपणे माल येण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत भरावी लागते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये, त्यापुढे रोज 10,000.