सूर्य, चंद्र, पृथ्वी : लेखांक ६ – तिथीचे पाऊणपट

सूर्य आणि चंद्र यांच्यामधील कोनात्मक अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते, हे गेल्या लेखांकात आपण पाहिले. हे गणित पंचांगकर्त्यांचे म्हणून आपण सोडून देतो. परंतु मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर ज्यांचा चरितार्थ खाऱ्या पाण्यावर चालतो, त्यांनी त्याच तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा जो ठोकताळा पिढ्यान्‌पिढ्या चालविला आहे, तो पाहिला म्हणजे पंचांग हे केवळ मुहूर्त शोधण्याचे साधन नव्हे, हे मान्य करावे लागते. चतुर्थीस पूर्ण भरती तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. ज्याने लहानपणी पाऊणकी घोकली आहे, त्याला याहून अधिक विद्येची गरज नाही.

याचे कारण असे की, चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा डोक्यावर येतो आणि भरतीही त्याच्यामागोमाग तेवढीच लांबते. काटेकोरपणे पाहता हा विलंब दर तिथीस ४८ मिनिटांचा, आणि ठोकताळा धरतो ४५. म्हणून पौर्णिमेला हिशेबाने सव्वाअकरा येतात, तर मुंबईचे पाणी चढते बाराच्या सुमारास. होडी हाकारणाऱ्याला एवढी तफावत खपते, बंदरखात्याला खपत नाही. म्हणूनच अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याच्या चढउताराची यंत्राने नोंद होत आली आहे.

आता मुख्य प्रश्न. सूर्याची पृथ्वीवरील ओढ चंद्राच्या ओढीच्या सुमारे पावणेदोनशे पट असताना समुद्राने चंद्राची ताबेदारी का पत्करावी? उत्तर असे की, भरती एकंदर ओढीने येत नाही. पृथ्वीच्या जवळच्या आणि दूरच्या अंगांवर पडणाऱ्या ओढीत जो फरक असतो, त्याने येते, आणि म्हणूनच ती दिवसातून एकदा न येता दोनदा येते. हा फरक अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. सूर्य चंद्राहून वस्तुमानाने सुमारे पावणेतीन कोटी पट मोठा खरा, पण अंतराने ३९० पट दूर. ३९० चा घन जवळजवळ सहा कोटी, आणि भागाकार केला की सूर्याच्या पदरी चंद्राच्या निम्म्याहूनही कमी अंमल उरतो.

कमी असला तरी तो नगण्य नाही. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेत आल्याने दोघांचे बळ एकवटते आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास दोघांमध्ये काटकोन पडल्याने एकाचे बळ दुसरा कापतो, आणि कोळी ज्याला भांग म्हणतात ते मंद पाणी लागते. जलराशीला जडत्व असल्यामुळे उधाणाचा कळस तिथीच्या एखाददुसरा दिवस मागाहून येतो, एवढे ध्यानात ठेवावे.

यातून मुंबईपुरती एक चमत्कारिक गोष्ट निष्पन्न होते. तेथे मोठे उधाण नेहमी दुपारी किंवा मध्यरात्रीच्या सुमारास येणार, सकाळी सहा वाजता कधीच नाही. म्हणजे पौर्णिमेला हाजीअलीच्या दर्ग्याची वाट भर दुपारी पाण्याखाली जाणार आणि सकाळ-संध्याकाळ मोकळी राहणार. याला सृष्टीचा सार्वत्रिक कायदा मात्र समजू नये. आपल्या किनाऱ्याने भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, म्हणून गोव्यात ती मुंबईच्या काहीशी आधी आणि भावनगरला कित्येक तास नंतर लागते. शिवाय खंबायतचे आखात आत निमुळते व उथळ होत गेल्याने तेथे पाणी दहा मीटरांपर्यंत चढते-उतरते. चंद्राचा हुकूम सर्वत्र एकच असला, तरी त्याची अंमलबजावणी किनाऱ्याच्या घडणीप्रमाणे होते.

किनाऱ्यावरील वाचकांनी येत्या पंधरवड्यात आपल्या बंदरावरची पूर्ण भरतीची वेळ तिथीवार टिपून ठेवावी आणि पाऊणपटीशी ताडून पाहावी. ग्रहणांचा विचार पुढील लेखांकात करू.