लहान इंजिन, मोठे इंजिन आणि चढणीची कसोटी

अमेरिकेतील शेतकरी, गवंडी, घोडे पाळणारा किंवा नाव घेऊन तळ्यावर जाणारा हौशी गृहस्थ, या सर्वांचे एक समान वाहन आहे. ते म्हणजे पिकअप ट्रक. पुढे बसावयाची जागा, मागे उघडा हौदा, आणि त्यामागे वेळप्रसंगी जोडलेला चार-पाच टनांचा ट्रेलर. या वाहनात इंजिन मोठे असावे, की लहान इंजिनास टर्बोची जोड द्यावी, हा वाद तेथे बरीच वर्षे चालू आहे. वाद दूरदेशीचा खरा. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न यंत्र विकत घेणाऱ्या कोणाही माणसाचा आहे. यंत्राची ताकद मोजावयाची कशी?

प्रथम इंजिनाचे पोट कसे भरते ते पाहू. एक किलो पेट्रोल नीट जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे इंजिनाची शक्ती इंधनापेक्षा हवेवर अवलंबून. अधिक हवा घेण्याचे मुख्य मार्ग दोन: सिलिंडर मोठे करावयाचे, किंवा लहान सिलिंडरांत हवा दाबून भरावयाची. लोहार भात्याने कोळशाला हवा देतो, तसाच हा दुसरा प्रकार. फरक इतकाच की येथे भाता इंजिनाच्या स्वतःच्याच धुराने चालतो. बाहेर पडणारे तप्त वायू एक चक्र फिरवितात, आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र ताजी हवा आत कोंबते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट मागितले. तोच हा टर्बो.

२०११ सालच्या फोर्ड एफ-१५० या हलक्या पिकअपमध्ये दोन इंजिने शेजारी शेजारी मिळत होती. ५ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन ३६० अश्वशक्तीचे. तर दोन टर्बो लावलेले ३.५ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन ३६५ अश्वशक्तीचे. टॉर्क, म्हणजे दांड्याला पीळ देणारा जोर, मोठ्याचा ३८० पाउंड-फूट, तर लहानाचा ४२०. आणि तोही कमी फेऱ्यांवर मिळणारा. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असेच कोणीही म्हणेल. परंतु त्याच कंपनीने २०२० मध्ये आपल्या जड 'सुपर ड्यूटी' पिकअपसाठी पेट्रोलचे नवे इंजिन आणले, ते ७.३ लिटरचे, ओतीव लोखंडाच्या ब्लॉकचे आणि टर्बोविना! ही माघार म्हणावी काय?

आम्हांस तसे वाटत नाही. याचे उत्तर ओझ्यात आहे.

रिकामी गाडी सपाट रस्त्यावर चालते तेव्हा तिला थोडीच शक्ती लागते. अशा वेळी मोठ्या पेट्रोल इंजिनाची हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते, आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच काही शक्ती वाया जाते. शिवाय अनेक मोठ्या दट्ट्यांचे घर्षण असतेच. लहान इंजिनाचा हा तोटा कमी. म्हणून शहरात व हलक्या कामात ते पेट्रोल वाचविते.

आता मागे ट्रेलर जोडा आणि चढणीला लागा. टर्बो हवा दाबतो. दाबलेली हवा तापते. ती निवविण्यासाठी इंटरकूलर असतो, तरी सिलिंडरातील मिश्रण ठिणगीनंतर वेळेआधीच आपोआप पेटून 'नॉकिंग' होण्याचा धोका वाढतो. तो टाळण्यासाठी ठिणगी उशिरा द्यावी लागते, आणि धुराचे तापमान आवरण्यासाठी अनेकदा गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडावे लागते. हलक्या वेळी वाचविलेले इंधन येथे परत द्यावे लागते. पाच मिनिटांच्या चढणीचे काही नाही. पण तासन्‌तास ही स्थिती राहिली, तर थोड्याशा धातूला पुष्कळ उष्णता सोसावी लागते. मोठे इंजिन तेच काम कमी दाबाने करते.

ओढण्याची क्षमता जाहीर करण्यासाठी अमेरिकेत जे२८०७ नावाची कसोटी आहे. तीत ॲरिझोनातील डेव्हिस डॅमची सुमारे १८ किलोमीटरांची चढण, ३८ अंश सेल्सिअसच्या उन्हात, वातानुकूलन चालू ठेवून, ट्रेलरसह चढावी लागते. आकडा क्षणाचा असतो. चढण मात्र वेळ घेते.

टर्बोचीही बाजू आहे. दर हजार मीटर उंचीला साध्या इंजिनाची सुमारे एक दशांश शक्ती विरळ हवेमुळे जाते. कोलोरॅडोतील आयसेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटरांवर आहे. तेथे साधे इंजिन धापा टाकते, टर्बो बरीचशी तूट भरून काढतो.

डिझेलने तर हा वादच निराळ्या रीतीने मिटविला. डिझेल इंजिन प्रथम केवळ हवा दाबते, इंधन मागाहून येते; म्हणून पेट्रोलसारख्या नॉकिंगचे भय त्याला नाही, आणि टर्बो त्याला मानवतो. १९८९ साली डॉज पिकअपमध्ये आलेले ५.९ लिटरचे कमिन्स इंजिन अवघ्या १६० अश्वशक्तीचे, पण ४०० पाउंड-फूट टॉर्कचे होते. ते मोठेही होते आणि टर्बोयुक्तही. आपल्याकडे घाट चढणारे मालट्रकही आज टर्बो-डिझेलवरच चालतात. मात्र डिझेलची किंमत अधिक, आणि धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणांची निगाही अधिक.

तेव्हा टर्बो चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. गाडी वर्षातले तीनशे दिवस रिकामी धावणार असेल, तर लहान टर्बो इंजिन शहाणपणाचे. रोजच ओझे ओढावयाचे असेल, तर पेट्रोलमध्ये मोठे इंजिन बरे; आणि ओझे फार जड, अंतर फार लांब असेल, तर डिझेल. जाहिरातीतील आकडा यंत्राची एका क्षणाची कमाल मर्यादा सांगतो. ते दिवसभर किती ओढील, हे तो सांगत नाही. खरेदीपूर्वी आपल्या कामाचा हिशेब आपणच मांडावा. तो विक्रेत्यावर सोपवू नये.