पदकाची मागची बाजू

अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांची कांस्यपदकं जमवणारे बहुतेक जण चेहऱ्यांच्या मागे असतात. वॉशिंग्टनपासून एकेक अध्यक्ष मिळवत ओळ पूर्ण करायची, एवढाच ध्यास. माझा आग्रह वेगळा आहे. पदक हातात आलं की आधी ते पालथं करून पाहावं.

या मालेतली जुनी पदकं मुळात संग्राहकांसाठी नव्हतीच. मूलनिवासी जमातींच्या प्रमुखांच्या गळ्यात चांदीचं ‘शांतिपदक’ घालायचं, ही युरोपीय सत्तांची जुनी रीत नव्या प्रजासत्ताकाने उचलली. जेफरसन यांच्या १८०१ च्या पदकाचे तीन आकार होते. सर्वांत मोठं, सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचं, मुख्य सरदाराला. लहान आकार त्याच्या हाताखालच्यांना. पोटात ते पोकळ. दोन पातळ पत्र्यांवर वेगवेगळे छाप उठवून कडेने पट्टी जोडलेली. शोधप्रवासी लुईस आणि क्लार्क १८०४ मध्ये मिसूरी नदीने पश्चिमेकडे निघाले तेव्हा ही पदकं त्यांच्या सामानात होती. ब्रिटिश पदक उतरवून हे घालणं म्हणजे निष्ठा बदलणं, असा त्याचा हिशेब होता.

मागच्या बाजूला हस्तांदोलन. एका मनगटावर बटणांची लष्करी बाही, दुसरं मनगट मूलनिवासीचं. वर कुऱ्हाड आणि चिलीम एकमेकींवर आडव्या, आणि ‘शांती व मैत्री’ ही अक्षरं. अँड्र्यू जॅक्सन यांच्या पदकावरही हेच चित्र आहे. त्याच जॅक्सन यांनी १८३० मध्ये मूलनिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याच्या कायद्यावर सही केली. पुढे व्हॅन ब्यूरेन यांच्या काळात चेरोकी जमातीच्या लोकांना घराबाहेर काढून चालवत नेलं गेलं, हजारो माणसं दगावली. त्यांच्याही पदकावर तेच मिळालेले हात. ही दोन्ही पदकं शेजारी ठेवून पाहताना मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फिलाडेल्फियाच्या टाकसाळीने संग्राहकांसाठी कांस्य प्रती काढायला सुरुवात केली. जॉन अ‍ॅडम्स यांच्या कारकिर्दीत असं पदक निघालंच नव्हतं. मालेतली फट बुजवायला ते मागाहून घडवलं गेलं. जुन्या प्रतींचा रंग गडद चॉकलेटी, विसाव्या शतकातल्या प्रती पिवळसर. रंगावरून काळाचा अंदाज येतो, म्हणून पदक कधीही घासूनपुसून चकचकीत करू नये. तो थर गेला की पुरावाच गेला.

नवख्या संग्राहकाने सुरुवात ब्यूकॅनन किंवा लिंकन यांच्या पदकापासून करावी, असं मी सांगेन. मागची बाजू जोसेफ विल्सन यांनी कोरली आहे. मधोमध नांगर धरलेला मूलनिवासी, मागे चेंडू खेळणारी मुलं. कडेच्या वर्तुळात मात्र एक मूलनिवासी दुसऱ्याच्या डोक्याची कातडी सोलतो आहे. हे पदक सरकार ज्यांना सन्मान म्हणून देत होतं, त्यांनाच ते गळ्यात वागवायचं होतं.