डेव्हनवरचं ऑफिस, नेपरव्हिलमधला लॅपटॉप

शिकागोच्या उत्तर भागातल्या डेव्हन ॲव्हेन्यूची ओळख किराणा, साड्या आणि मिठाई अशीच आहे. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान इथंच १९७४ मध्ये निघालं. पण याच रस्त्यावर टॅक्स रिटर्न भरून देणारी लहान ऑफिसंही आहेत. जानेवारी लागला की त्यांची धांदल सुरू होते, ती १५ एप्रिलपर्यंत. हंगामापुरती जास्तीची माणसं घ्यावी लागतात आणि त्यांतली काही आता नेपरव्हिल किंवा शॉमबर्गच्या घरात बसूनच काम करतात. ग्राहकांचे सोशल सिक्युरिटी नंबर, पगाराचे आकडे, बँक खाती असं सगळं मग कुणाच्या तरी डायनिंग टेबलावर येतं.

लहान म्हणून सूट नाही

रिटर्न भरून देणारा फेडरल ट्रेड कमिशनच्या सेफगार्ड्स नियमाखाली वित्तीय संस्था ठरतो. नियमाच्या सुधारित तरतुदी ९ जून २०२३ पासून लागू झाल्या. पाच हजारांपेक्षा कमी ग्राहकांची माहिती असलेल्यांना काही कागदपत्रांतून सवलत आहे, पण माहिती एन्क्रिप्ट करणं आणि लॉगिनला पासवर्डशिवाय दुसरा पुरावा मागणं यातून नाही. लेखी सुरक्षा आराखडाही हवाच. तो कसा लिहायचा याचा नमुना आयआरएसनेच ५७०८ क्रमांकाच्या पुस्तिकेत दिला आहे. तो जरूर वापरावा, मात्र नुसतं नाव बदलून फायलीत लावू नये.

कुणाचा लॅपटॉप?

‘तुझाच लॅपटॉप वापर, दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे,’ हे मालकाला स्वस्त वाटतं. त्याच लॅपटॉपवर संध्याकाळी मुलं गेम खेळतात. माझं मत स्पष्ट आहे : रिटर्नचं काम करणाऱ्याला ऑफिसचाच लॅपटॉप द्यावा, जुना असला तरी चालेल. फक्त इतका जुना नको की तो विंडोज १० वरच अडकला आहे. त्या आवृत्तीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

हातात देण्याआधी

बहुतेक चुका इथंच होतात. सेलमध्ये घेतलेल्या लॅपटॉपवर सहसा विंडोजची होम आवृत्ती असते. ती ऑफिसच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून एका जागेवरून सांभाळता येत नाही, त्यासाठी प्रो लागते. दुसरी गोम अशी, की कर्मचाऱ्याने स्वतःच्या खात्याने पहिलं लॉगिन केलं तर डिस्क उघडण्याची रिकव्हरी की त्याच्या खात्यात जाऊन बसते. माणूस सोडून गेला आणि पुढे कधी लॅपटॉपने ती की मागितली, तर मालकाला आपल्याच डिस्कवरच्या फायली उघडता येत नाहीत. म्हणून पहिलं लॉगिन ऑफिसच्या खात्यानेच करून मग लॅपटॉप द्यावा.

पाच-सात माणसांच्या ऑफिसला मायक्रोसॉफ्ट ३६५ची बिझनेस प्रीमियम योजना पुरते. लॅपटॉप सांभाळणारं इंट्यून तिच्यात येतं. लॅपटॉप चोरीला गेला तर त्यातून दुरून पुसण्याचा हुकूम देता येतो. पण तो लॅपटॉप इंटरनेटला लागेपर्यंत हुकूम नुसता वाट पाहत राहतो, आणि शहाणा चोर इंटरनेट लावत नाही. तेव्हा खरी राखण एन्क्रिप्शनचीच, पुसणं नंतरचं. सोबत एक साधी यादी ठेवावी : सीरियल नंबर, कुणाकडे, कधीपासून, रिकव्हरी की कुठे.

खर्च आणि घराचा उंबरठा

इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०१९ पासून कामासाठी झालेला आवश्यक खर्च मालकाने भरून द्यायचा असतो. कर्मचाऱ्याने तो साधारणपणे ३० दिवसांच्या आत पावतीसह मागावा. त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने झालेलं नुकसान मात्र मालकावर पडत नाही.

लॅपटॉप ऑफिसचा असला तरी घर ऑफिसचं नाही. राज्यातला मालक कर्मचाऱ्याच्या खासगी ईमेलचा पासवर्ड मागू शकत नाही. चेहरा ओळखून हजेरी लावणारं सॉफ्टवेअर बसवायचं असेल तर २००८ च्या बायोमेट्रिक कायद्यानुसार आधी लेखी सूचना आणि लेखी संमती लागते. चूक झाली तर निष्काळजीपणासाठी किमान १,००० आणि बेपर्वाईसाठी किमान ५,००० डॉलर भरपाई मागता येते. इतकी पाळत ठेवावी असं वाटणाऱ्याने माणूस नेमतानाच दोनदा विचार केलेला बरा.

पुण्यातला मदतनीस

डेव्हनवर रात्र झाली की पुण्यात सकाळ होते. त्यामुळे रिटर्नचं काम तिकडे द्यायचा मोह होणं साहजिक आहे. पण देशाबाहेरच्या माणसाला रिटर्नची माहिती देण्याआधी ग्राहकाची लेखी संमती लागते, तीही ठरावीक मजकुरात. ती मिळाली तरी सोशल सिक्युरिटी नंबर झाकायचा असतो. सुरक्षेची नेमून दिलेली व्यवस्था दोन्हीकडे असेल तरच यातून वाट निघते. जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने नियम मोडला तर हा फौजदारी गुन्हा ठरतो : एक वर्षापर्यंत कैद, १,००० डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नात्यातला भाचा असला तरी कायद्याच्या लेखी तो परदेशातला मदतनीसच.

परत घेताना

१५ एप्रिलनंतर आधी खाती बंद करावीत, मग लॅपटॉप मागवावा. उलटं केलं तर मधले दिवस दारं उघडी राहतात. परत आलेला लॅपटॉप पुढच्या हंगामासाठी पुसून ठेवावा. मोडीत काढायचा असेल तर इलिनॉयमध्ये २०१२ पासून संगणक कचऱ्यात टाकायला बंदी आहे, तेव्हा तो पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावा लागतो. त्याच्याकडून डिस्क नष्ट केल्याचा दाखला सीरियल नंबरासह घ्यावा आणि वरच्या यादीला जोडून ठेवावा.