डॉलर चढला, मग उसाला दर का नाही?



आम्ही गट कार्यालयात लागणीच्या नोंदी घ्यायला बसलो की एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, रुपया घसरला, डॉलर चढला म्हणतात. मग बाहेर गेलेल्या साखरेचे जादा पैसे व्हायला पाहिजेत. ते आमच्या बिलात का दिसत नाहीत?" प्रश्न रास्त आहे.

चलनाचा भाव म्हणजे बाजारातली देशाची पत. कर्ज देताना सोसायटी सातबारा आणि मागची थकबाकी बघते. तसेच जगातले पैसेवाले देशाचे आकडे बघतात : आयात-निर्यातीतली तूट, महागाई, व्याजदर, उत्पादनाची वाढ. आकडे बिघडले की पैसा बाहेर जातो आणि चलन उतरते. २०१२-१३ साली आपल्या चालू खात्यावरची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्क्यांवर गेली होती. त्यातच अमेरिकेकडे पैसा परत वळू लागला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ रुपयांवर गेला. मात्र वाईट आकडा येणार हे बाजाराने आधीच धरलेले असेल, तर तो जाहीर झाल्यावर चलन फारसे हलत नाही.

आता मुख्य मुद्दा. साखर निर्यातीत पहिला देश ब्राझील, त्याचे चलन रेआल. २०१५ साली तिथले उत्पादन सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटले, महागाई १० टक्क्यांवर गेली आणि रेआल कोसळला. हिशेब करून बघू.

२०१४ च्या मध्याला न्यूयॉर्कच्या बाजारात कच्ची साखर टनाला सुमारे ३७५ डॉलर होती आणि डॉलरला २.२० रेआल मिळत. म्हणजे टनाला ८२५ रेआल. ऑगस्ट २०१५ मध्ये साखर सुमारे २४३ डॉलरवर आली, पण डॉलरला ३.५० रेआल मिळू लागले. म्हणजे ८५० रेआल. भाव तिसऱ्या हिश्श्याने पडूनही ब्राझीलच्या कारखान्याला चार पैसे जास्तच मिळाले. मग तो हात आखडता कशाला घेईल?

आपले काय झाले? डॉलर ६० वरून ६५ रुपयांवर गेला, पण क्विंटलचा हिशेब २,२५० वरून १,५८० रुपयांवर आला. जगात साखर जादा झाली होती हे खरेच; पण रेआलच्या घसरणीने भाव आणखी दाबला. आपला रुपया थोडा उतरला, त्यांचा रेआल फार उतरला, म्हणून आपला फायदा वाहून गेला.

शिवाय निर्यातीला सरकारची परवानगी लागते. जून २०२२ पासून निर्बंध आले आणि २०२३-२४ च्या हंगामात निर्यात बंदच होती. तेव्हा डॉलर कितीही चढला तरी उपयोग नव्हता. उलट पोटॅश परदेशातून येते, डिझेलचे कच्चे तेलही बहुतांशी तिकडचेच. रुपया घसरला की तो खर्च मात्र आपल्या बांधावर येतोच.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : डॉलरच्या भरवशावर कर्जाची उचल वाढवू नका. पेपरात रुपयाबरोबर रेआलचा भावही बघा. आणि जे आपल्या हातात आहे ते करा. माती तपासून खत द्या, पाचट जाळू नका, एकरी टनेज वाढवा. खर्चात वाचलेला रुपया कुठल्याही बाजारात घसरत नाही.

— ऊस विकास अधिकारी