अफारच्या भूमीची मोजणी

इथिओपियाच्या ईशान्येस, जेथे आफ्रिका व अरबस्तान यांचे भूपट्ट वर्षाकाठी दीड-दोन सेंटिमीटर इतक्या धिम्या गतीने परस्परांपासून विलग होत आहेत, तो अफारचा रखरखीत मुलूख सप्टेंबर 2005 मध्ये भूकंपांच्या मालिकेने हादरला आणि 26 तारखेस दब्बाहू ज्वालामुखीनजीक जमीन दुभंगून राख उसळली. उद्रेक तसा किरकोळ होता. खरा प्रकार भूगर्भात घडत होता, व त्याची कैफियत मिळाली ती अंतराळातून.

युरोपीय अवकाश संस्थेचा एन्व्हिसॅट हा उपग्रह सुमारे 800 किलोमीटर उंचीवरून 5.6 सेंटिमीटर लांबीच्या रडारलहरी धाडीत असे. घटनेपूर्वीच्या व घटनेनंतरच्या प्रतिमांतील लहरींच्या कलांची वजाबाकी केली, म्हणजे रंगपट्ट्यांचा नकाशा सिद्ध होतो. आणि लहरीला जाऊन परत यावयाचे असल्याने एकेक पट्टा हा जमीन उपग्रहाच्या दिशेने अथवा उलट 2.8 सेंटिमीटर सरकल्याचा दाखला ठरतो. झाडाझुडपांची अडचण नसलेली कोरडी भूमी या मोजणीस विशेष मानवते, आणि त्या बाबतीत अफारइतका सोयीचा प्रदेश विरळा.

त्या नकाशांवरून असे निष्पन्न झाले, की सुमारे 60 किलोमीटर लांबीची शिलारसाची उभी भिंत कवचात शिरली होती आणि ओंडक्यात पाचर ठोकावी तशी तिने भूमी काही ठिकाणी 8 मीटरपर्यंत फाकविली होती. मधला चिंचोळा पट्टा विभंगांवरून घसरून दोनएक मीटर खचला, तर दोन्ही कडा वर उचलल्या गेल्या. आश्चर्य हे, की या प्रचंड उलथापालथीचा अल्पसा हिस्साच भूकंपांच्या रूपाने प्रकट झाला. केवळ भूकंपमापकाच्या दप्तरावर विसंबणाऱ्यास या घडामोडीची व्याप्ती कळलीच नसती. अशा खचदरीत विभंगांचे सरकणे हे पुष्कळदा शिलारसाच्या हालचालीचे अनुचर असते, हे प्रस्तुत लेखकास या साऱ्या प्रकरणाचे मर्म वाटते. पुढे 2010 पर्यंत याच पट्ट्यात आणखी डझनभर लहान भित्ती शिरल्या, त्यांचाही माग रडारने काढला.

या पद्धतीस एक खोड मात्र आहे: जेथे विस्थापन सर्वाधिक, नेमक्या त्याच जागी रंगपट्टे इतके दाटतात की ते वाचता येत नाहीत, आणि मग दोन प्रतिमांतील एकेक ठिपका जुळवून तो किती ढळला हे पाहण्याचे किचकट काम करावे लागते. जुलै 2025 मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या भारत-अमेरिकेच्या निसार उपग्रहाच्या दोन रडारांपैकी एकाची लहर 24 सेंटिमीटरची आहे. तिचा एक पट्टा 12 सेंटिमीटरचा असल्यामुळे ही दाटी बरीच विरळ व्हावी.